आधी सांग, कुठलं पुस्तक खेळताय?

प्रिय नव्या डीएमला,

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळताना पॅलाडिनने, म्हणजे तुमच्यातल्या धर्मयोद्ध्याच्या पात्राने, नुसत्या मुठीने ठोसा हाणला, त्यावर ‘डिव्हाइन स्माइट’ (फटक्याला दैवी नुकसानाची जोड देणारी त्याची ताकद) लागू होतं का, यावर तुमचं अख्खं सेशन अडलं. एकाने पुस्तक उघडलं, दुसऱ्याने डिझायनरचं जुनं ट्वीट शोधलं, तिसऱ्याने व्हिडिओ लावला आणि मग सगळे तुझ्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरच्या, तोंडाकडे बघत बसले. प्रश्न फार चांगला आहे, म्हणून तोच नीट सोडवू.

2014 च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये (खेळाडूंच्या नियमपुस्तकात) स्माइटचं नुकसान ‘शस्त्राच्या नुकसानाच्या जोडीला’ होतं असं लिहिलंय. ठोसा हा मेली वेपन अटॅकमध्ये (जवळून केलेल्या शस्त्राच्या हल्ल्यात) धरला जातो, पण मूठ हे शस्त्र नाही. वाद पेटतो तो इथेच. प्रकाशक विझर्ड्स ऑफ द कोस्टने ‘सेज ॲडव्हाइस कम्पेंडियम’ या नियमांवरच्या प्रश्नोत्तरांच्या संग्रहात उत्तर दिलं: लागू होत नाही. मात्र डीएमने परवानगी दिली तर खेळाचा तोल बिघडणार नाही, हेही तिथेच सांगून टाकलं. पुढे 2024 च्या हँडबुकमध्ये स्माइट हा स्पेल (मंत्र) झाला आणि त्यात ठोशाचा उल्लेख सरळ आला. म्हणजे तुमच्यातला एक जण जुनं पुस्तक घेऊन बसला असेल आणि दुसरा नवं, तर दोघंही खरं बोलत होते.

म्हणून कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी गोष्ट) सुरू होण्याआधी, सेशन झिरोलाच, म्हणजे तयारीच्या बैठकीतच, कुठल्या आवृत्तीचं पुस्तक चालेल ते ठरवून टाक. जखमा भरणारा ‘क्युअर वून्ड्स’ स्पेल जुन्यात एक डी8 (आठ बाजूंचा फासा) बरं करतो, नव्यात दोन. अशी सरमिसळ दुसऱ्या-तिसऱ्या लढाईत अंगाशी येते.

पुस्तकानंतर मान इराटाचा, म्हणजे प्रकाशकाच्या दुरुस्त्यांच्या यादीचा. तुझी प्रत पहिल्या छपाईची असेल, तर प्रकाशकाने नंतर दुरुस्त केलेलं वाक्य त्यात नसेल, आणि खरं ते दुरुस्त वाक्यच. मग कम्पेंडियम. नियमांचे डिझायनर जेरेमी क्रॉफर्ड यांची ट्वीट्स एके काळी अधिकृत धरली जायची. नंतर कम्पेंडियमनेच स्पष्ट केलं की अधिकृत उत्तरं त्यात छापलेली तेवढीच, टीममधल्या लोकांचं बाकी बोलणं हा सल्ला. सल्ला जरूर वाच, त्यात खूप शिकायला मिळतं. पण तो नियम म्हणून कुणावर लादू नकोस. हल्ली ‘अनअर्थ्ड आर्केना’ या नावाने येतं ते चाचणीसाठी असतं, उद्या बदलेल किंवा गायबही होईल. (1985 मध्ये याच नावाचं पुस्तक मात्र पूर्ण अधिकृत होतं, त्यामुळे जुने खेळाडू कधीकधी गोंधळतात.) व्हिडिओबद्दल वेगळं काही सांगायला नको.

एकाच आवृत्तीतली दोन पानं भांडली तर 3.5 आवृत्तीच्या इराटात दिलेली पद्धत मला आजही आवडते: तक्ता आणि मजकूर जुळत नसतील तर मजकूर खरा, आणि दोन पुस्तकं जुळत नसतील तर ज्याचा तो मूळ विषय, ते खरं. राक्षसांबद्दल मॉन्स्टर मॅन्युअल, जादूच्या वस्तूंबद्दल डीएमचं पुस्तक.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. अधिकृत असणं आणि तुमच्या टेबलावर चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अधिकृत पुस्तकातला एखादा सबक्लास (पात्राच्या वर्गाचा उपप्रकार) तू नाकारू शकतोस, कुणाचं होमब्रू (घरी बनवलेले नियम) घेऊ शकतोस. तो अधिकार डीएमचा आहेच. पण स्वतःचा निर्णय पुस्तकाच्या नावावर कधीही खपवू नकोस. खेळाडू लेव्हल वाढवताना काय निवडायचं ते नियम वाचून ठरवतो. छापलेलं कुठलं आणि तुझ्या मनातलं कुठलं, हेच त्याला कळत नसेल तर तो कशाच्या भरवशावर ठरवणार? उत्तर पटकन सापडलं नाही तर सरळ म्हण, “हे माझं रूलिंग (निर्णय), आजपुरतं. घरी जाऊन बघतो.” आणि खरंच बघ, आणि काय सापडलं ते पुढच्या खेळाआधी ग्रुपवर टाक.

तुमचा खेळ 2014 च्या पुस्तकावर चालला असेल, तर ठोशावर स्माइट लागू देच. फक्त ती तुमची घरची सवलत आहे, असं त्या पॅलाडिनला आणि बाकीच्यांनाही पुढच्या सेशनआधी कळव.

तुझा,
एक जुना डीएम