सून आल्यावर पंजाबी ड्रेस घालू का?

प्रश्न : मी ५८ वर्षांची, अमळनेरची. सून आल्यापासून नणंद म्हणते, "आता ड्रेस सोड, कानबाईपुढे नाचू नको." (कानबाई म्हणजे आमची खानदेशची देवी.) काय करू?

उत्तर : ताई, ड्रेस मुळीच सोडू नका. आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्या उन्हात सुती ड्रेसच अंगाला सोसतो. मी ६६ वर्षांची. गुडघे दुखायला लागल्यापासून साडीत एसटीची पायरी चढवत नाही, म्हणून मीही ड्रेसच घालते.

आणि कानबाई! नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, सोमवारी विसर्जन. त्या मिरवणुकीत माझ्या सासूबाई सत्तरीत नाचल्या, डोक्यावर पदर, पाय अनवाणी. त्यांना अडवायची कुणाची छाती नव्हती. नणंदेशी भांडू नका. यंदा तिचाच हात धरून फुगडीला ओढा.