घाई करू नको, आधी त्याला तुझी सवय होऊ दे

अरे, नवा पोपट माणसाळवायचा म्हणतोस, तर आधी तो कुठला ते बघ. हिरवा, गळ्यात कंठी असलेला आपला देशी असेल तर तो 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली येतो, घरात ठेवता येत नाही, सरळ वनखात्याला कळव. तू म्हणतोस तसा आफ्रिकन ग्रे, म्हणजे तो राखाडी परदेशी पोपट असेल तर केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, ते पहिलं उरक.

मग पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला टेकव म्हणजे मागून कोण येईल ही भीती जाते, आणि पहिले 8-10 दिवस हात आत घालूच नको, नुसता बाजूला बसून पेपर वाच, हळू बोल. आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरचा ग्रे दीड महिना माझ्याकडे पाठ करून बसायचा, मी सूर्यफुलाची एक बी ठेवून मागे सरायचो, एक दिवस त्याने ती हातातून घेतली आणि मी येडा आनंदाने ओरडलो... परत आठ दिवस पाठच!

डोळ्यांतल्या बाहुल्या भराभर लहानमोठ्या झाल्या, पिसं फुगली की तो बिथरलाय समज, तिथेच थांब.

सूर्यफूल फक्त बक्षीस म्हणून. रोज पेलेट्स (पक्ष्यांचं तयार गोळीखाद्य), गाजर, लाल भोपळा. अवोकाडो, चॉकलेट विष. नॉनस्टिक तवा किचनमधून काढच, जास्त तापला तर त्याच्या धुराने पक्षी मरतो. आपल्या पावसाळ्यात दाण्यांना बुरशी लवकर धरते, थोडेच आण, वास घेऊन घाल. आणि दिवाळीच्या आदल्या रात्री, आपल्याकडे नरकासुर नाचवतात तेव्हा, पिंजरा आतल्या खोलीत ने, त्या डीजेने माणसं हलतात, तो तर पाखरू.