वाटेत काय आडवं येतंय?

मागच्या अंकात रँडम एन्काउंटरवर जाता जाता दोन ओळी लिहिल्या आणि सगळ्यात जास्त पत्रं त्याच्यावरच आली, म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात. नवीन वाचकांना थोडक्यात सांगतो. टेबलटॉप रोलप्लेइंग म्हणजे चारपाच जण कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन बसतात, एकजण डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं. पार्टी, म्हणजे ती सगळी माणसं मिळून, जंगलातनं नाहीतर भुयारातनं चाललीय तर वाटेत काय आडवं येतंय हे डीएमनं मनानं ठरवायचं नाही, एक यादी असते, फासा टाकायचा आणि यादीत बघायचं. ती यादी म्हणजे रँडम एन्काउंटर टेबल. चला.

प्रश्न : दादा, आमची पहिलीच कॅम्पेन, म्हणजे बऱ्याच बैठकांत चालणारी गोष्ट, आणि डीएम मीच. पार्टी गावातनं जंगलातल्या देवळाकडं निघाली, मी फासा टाकला तर आउलबेअर आलं. लेव्हल एकची, म्हणजे अगदी नवशिकी, चार पोरं, दोन राउंडमध्ये सगळी गार. आता ग्रुपवर कोण बोलंना झालंय. टेबल चुकीचं की मी? (राजारामपुरी)

उत्तर : भावा, टेबलचं काय चुकलं नाही आणि तुझं पण अर्धंच चुकलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आउलबेअर म्हणजे घुबडाचं तोंड आणि अस्वलाचं अंग, लेव्हल एकच्या पोरांनी त्याच्या नादाला लागायचंच नसतं. पण तू काय केलास, टेबलवर नाव आलं आणि लगेच म्हणालास, इनिशिएटिव्ह टाका, म्हणजे मारामारीत पहिला वार कुणाचा ते ठरवा. टेबलनं फक्त एवढंच सांगितलं होतं की ते जनावर इथं जवळपास आहे. मारामारी तू आणलीस.

डंजन्स अँड ड्रॅगन्स या गेमच्या १९८१ च्या बेसिक आणि एक्स्पर्ट नियमांत नाव आल्यावर आणि मारामारीच्या आधी दोन गोष्टी करायला लावतात. पहिली म्हणजे अंतर. उघड्यावर सहाचे चार फासे टाकून आलेल्या बेरजेला दहानं गुणायचं, तेवढे यार्ड. म्हणजे कमीत कमी ४० आणि जास्तीत जास्त २४०, कोणी बेसावध सापडलं असेल तर मात्र जवळ. दोनशे यार्डावर आउलबेअर दिसलं तर शहाणा माणूस काय करतो? झाडामागं जातो. दुसरी गोष्ट रिॲक्शन रोल, दोन फासे टाकायचे आणि समोरच्याचा मूड बघायचा. २ आले तरच ते सरळ अंगावर येतंय, म्हणजे ३६ मध्ये एकदा. ३ ते ५ ला गुरगुरतंय, ६ ते ८ ला त्याचं अजून काय ठरलेलं नाही, ९ ते ११ ला ते आपल्या वाटेनं जातंय नाहीतर तुमचं ऐकून घेतंय, आणि १२ ला चक्क दोस्ती. मधला तो ६ ते ८ चा पट्टा ३६ मध्ये १६ वेळा येतो, म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा समोरचं जनावर तुमच्याकडं नुसतं बघत उभं असतंय.

हे आपल्या कोल्हापूरकरांना वेगळं शिकवायला नको खरं तर. राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला संध्याकाळी गाडी घेऊन गेलास आणि वळणावर गवा उभा असला तर तू काय करतोस? त्याच्याशी भांडतोस? गाडी लांबच थांबवतोस, हॉर्न वाजवत नाहीस, आणि त्यो जाईपर्यंत गप बसतोस. अन् घरी येऊन आठवडाभर तेच सांगत हिंडतोस. तेच एन्काउंटर, आणि कोणाचा एक हिट पॉइंट, म्हणजे जीव मोजायचा आकडा, गेला नाही.

अजून एक, मोराल, म्हणजे समोरच्याची हिंमत. त्याच नियमांत दुश्मनातला पहिला पडला की आणि अर्धे पडले की दोन फासे टाकून बघायचं की उरलेले टिकतात का पळतात. शेवटच्या लांडग्यानं पण जीव जाईपर्यंत लढायचं हे डीएम लोकांचं खूळ आहे, लांडग्याचं नाही.

ग्रुपवर आज मेसेज टाक की चौघं देवळाजवळ जखमी अवस्थेत शुद्धीवर आले, सामान गायब. रविवारपर्यंत बोलतील सगळे.

प्रश्न : मला रँडम एन्काउंटर म्हणजे टाइमपास वाटतो, गोष्टीशी काही संबंध नसतो, म्हणून मी काढूनच टाकले. पण आता आमचे प्लेअर्स भुयारात प्रत्येक खोलीनंतर आठ तास झोपतात आणि फ्रेश होऊन पुढची खोली. गेममध्ये दमच राहिला नाही. (शाहूपुरी)

उत्तर : राहणार कसा, झोपेचं बिल फाडणारा माणूसच तुम्ही कामावरनं काढलाय की.

हे टेबल आलं कुठनं ते बघा म्हणजे कळेल. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स तीन छोट्या पुस्तिकांत आला, त्यातल्या तिसऱ्या पुस्तिकेत नियम आहे की भुयारात प्रत्येक टर्नला, म्हणजे गोष्टीतल्या दर दहा मिनिटांना, रेफरीनं, म्हणजे डीएमनं, एक साधा सहाचा फासा टाकायचा आणि ६ पडला की भटका राक्षस आला. एका तासात सहा वेळा. सहा वेळात एकदा तरी ६ पडण्याची शक्यता जवळजवळ ६७ टक्के आहे, मग आठ तास झोपायचं म्हणजे काय ते तुम्हीच बघा. आणि यातली खरी मेख अशी की त्या जुन्या गेममध्ये एक्स्पीरियन्स पॉइंट, म्हणजे ज्यांच्यावर लेव्हल वाढते ते, मुख्यतः बाहेर आणलेल्या सोन्याचे मिळायचे, राक्षस मारल्याचे त्या मानानं कमी. भटक्या राक्षसाकडं सोनं बहुतेक नसायचंच, ते सगळं त्याच्या बिळात. म्हणजे हा निव्वळ तोटा, रक्त जाणार, मंत्र संपणार, मशाल जळणार आणि हातात काय नाही. म्हणून लोक भराभर पाय उचलायचे. पुढं लढाईचेच पॉइंट मिळायला लागले, सोन्याचा नियम मागं पडला, आणि मग तेच भटके राक्षस टाइमपास वाटायला लागले. तुम्ही म्हणताय त्यात चूक नाही, निम्मी मशीन काढून टाकल्यावर उरलेली निम्मी खडखडणारच.

मी काय करतो सांगतो. एकच सहाचा फासा, पण त्याच्या सगळ्या बाजूंना काम दिलंय. १ पडला तर एन्काउंटर, २ पडला तर नुसता माग, म्हणजे ओले पाय उमटलेले, कुजका वास, लांबनं कुणीतरी खोकल्याचा आवाज, ३ ला मशाल नाहीतर कंदील मंदावतो, ४ ला दम लागतो, थांबा नाहीतर पुढच्या रोलला तोटा, ५ आणि ६ ला शांतता. दर दहा मिनिटांना एकदा, आणि पार्टीनं दार फोडलं, आरडाओरडा केला तर जादा एकदा. झोपायचं म्हणाले की मी काहीच बोलत नाही, फासा नुसता हातात खुळखुळवतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरात आम्ही पाच जण एका मित्राच्या दुसऱ्या मजल्यावर अडकलो होतो, लाइट नाही, मोबाइल मेलेले, एक बॅटरी आणि फाशांची पिशवी. दिवसभर खेळलो. दर तासाला एकजण खाली जाऊन पाणी जिन्याच्या कितव्या पायरीला आलंय ते बघून यायचा, आणि तो वर आला की मी फासा टाकायचो. तसला ताण मला परत कुठल्या सेशनला जमलेला नाही, आणि जमू पण नये.

नवीन पाचव्या आवृत्तीवाल्यांसाठी, २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात वीसच्या फाशावर १८ किंवा जास्त आलं की एन्काउंटर असं आहे, म्हणजे १५ टक्के. पण कधी टाकायचा हे डीएमवर सोडलंय आणि बरेच डीएम टाकतच नाहीत.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. सुट्टीत मित्र जमवून फासे टाकत बसतात आणि "मेलास की तू" म्हणून ओरडतात. हा जुगार तर नाही ना? (कसबा बावडा)

उत्तर : नाही काकू, पैसे लावत नाहीत यात, कोण जिंकत पण नाही आणि हरत पण नाही, सगळे मिळून एक गोष्ट रचतात. फासे वेगवेगळ्या आकाराचे बघून दचकला असाल, चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंत असतात. पोरगा जो मेला तो कागदावरचा. अर्ध्या तासात त्याच पोराला कागदावर दुसरा माणूस काढताना बघाल. भडंग तेवढं जास्तीचं करून ठेवा.

प्रश्न : ऑनलाइन टेबलांची सप्लिमेंट्स, म्हणजे जोडपुस्तकं, शेकड्यानं आहेत, १०० जंगल एन्काउंटर्स, १००० शहर एन्काउंटर्स. कॉलेजचा पॉकेटमनी बघून सांगा, कुठलं घेऊ? (गडहिंग्लज)

उत्तर : पहिल्यांदा फुकटचं घे. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये आहेत, राक्षसांची माहिती त्यातच मिळते. तुझ्या ग्रुपमध्ये कुणाकडं २०१७ चं झॅनथर्स गाइड असेल तर त्यात जंगल, वाळवंट, डोंगर अशी भूभागवार आणि लेव्हलवार टेबलं तयार आहेत, मागून आण. आणि १९७९ चं जुनं डंजन मास्टर्स गाइड कुठं बघायला मिळालं तर त्याच्या मागची परिशिष्टं वाच. त्यात राक्षसांची टेबलं तर आहेतच पण भुयारातली हवा, वास आणि कुठनं येतात ते न कळणारे आवाज यांची पण टेबलं आहेत. माझ्या मते त्या पुस्तकातला सगळ्यात कामाचा भाग तोच, राक्षस काय कोण पण लिहितंय.

विकत घ्यायचंच असेल तर प्रिव्ह्यू उघड आणि कुठल्यापण तीन ओळी वाच. "चार लांडगे" एवढंच लिहिलं असेल तर बंद कर, एवढं तुला पण सुचतंय. "चार लांडगे, मेलेल्या घोड्याभोवती, घोड्यावर खोगीर अजून बांधलेलं" असं असेल तर घे. घोडा कुणाचा, स्वार कुठं गेला, पुढचा तासभर तुझे प्लेअर्सच गेम चालवतील.

१००० च्या आकड्याला भुलू नको. साधं शंभर ओळींचं टेबल घे. अख्ख्या कॅम्पेनमध्ये चाळीस वेळा फासा टाकलास तरी त्यातली एखादी ठरावीक भारी ओळ कधीच न येण्याची शक्यता तीनात दोन. तू पैसे देणार शंभर ओळींचे आणि बघणार तीसपस्तीस. म्हणून सप्लिमेंट समोर उघडून ठेवून खेळायचं नसतं, घरी बसून वाचायचं, आवडलेल्या आठदहा ओळी उचलायच्या आणि आपल्या छोट्या टेबलमध्ये घालायच्या.

प्रश्न : मला स्वतःचं टेबल करायचंय, पन्हाळ्यासारख्या एका पडक्या किल्ल्याचं. किती ओळी ठेवू, कुठले फासे वापरू? (वडणगे)

उत्तर : हा प्रश्न मला लई आवडला कारण माझा पण एक किल्ला तसाच आहे. आधी एक सांगतो, मी महाराजांच्या इतिहासाला गेममध्ये हात लावत नाही, माझा किल्ला काल्पनिक, नाव वेगळं, दुनिया वेगळी. पण रचना पन्हाळ्याची घेतली, कारण अंधारबाव बघितल्यावर ज्याला भुयार सुचत नाही त्यानं डीएम होऊच नये. तीन मजली विहीर, आत पाणी, मध्ये पहाऱ्याची जागा आणि तटाबाहेर पडायची चोरवाट.

टेबल करायच्या आधी एकच विचार, इथं खायला काय आहे? किल्ल्यात अंबारखाना आहे म्हणजे धान्य आहे. धान्य म्हटलं की उंदीर. उंदीर आले की साप आले. धान्य आहे हे गॉब्लिनांना, म्हणजे बुटक्या राक्षसांना, कळलंय म्हणजे ते रात्री पोती न्यायला येणार, आणि ते साखळी करून येणार, त्यातला एक नेहमी सापाला घाबरणार. बघ, तीन ओळी झाल्या आणि एकमेकांत अडकलेल्या झाल्या.

फासे म्हणशील तर सहाचे दोन, म्हणजे २ ते १२, अकरा ओळी, बास. दोन फाशांची गंमत अशी की ७ सगळ्यात जास्त येतो, सहात एकदा, आणि २ किंवा १२ हे ३६ मध्ये एकेकदाच. म्हणून जे त्या जागेचं रोजचं आहे ते मध्ये ठेव आणि जे वर्षातनं एकदा घडावं ते टोकाला. माझ्या टेबलवर ७ ला राक्षस नाहीच, ७ ला धुकं आहे. पावसाळ्यात पन्हाळ्यावर गेलेल्याला कळेल, तीन दरवाज्यात उभं राहून पुढचा माणूस दिसत नाही. दहा फुटांपलीकडं काय नाही, बाण मारायचे नाहीत, आणि पुढचा एन्काउंटर आला तर तो एकदम अंगावर. ६ ला उंदीर, ८ ला पोती नेणारे गॉब्लिन, ५ ला साप, ९ ला दुसरीच एक टोळी जी तुमच्यासारखीच खजिना शोधायला आलीय आणि तुमच्याइतकीच घाबरलीय. ४ ला नुसती कात पडलेली, पण ती पुरुषभर रुंद. ती कात ज्याची आहे तो ३ ला. १० ला वरनं दगड ढासळतो, ११ ला विहिरीतनं कुणीतरी पोहरा ओढल्याचा आवाज.

ओळी जास्त पाहिजेत तर आठचा आणि बाराचा फासा मिळून टाक, २ ते २० होतात आणि मधले ९ ते १३ सगळे सारख्या वजनाचे, प्रत्येक बारात एकदा. २ मात्र ९६ मध्ये एकदा, तिथं ड्रॅगन ठेव आणि विसरून जा.

आणि टेबल पेन्सिलनं लिही. गॉब्लिनांची टोळी मारली की ८ ची ओळ खोडायची, तिथं आता काय? चोर नाहीत म्हणजे धान्य वाढलं, धान्य वाढलं म्हणजे उंदीर वाढले, तर ८ ला पण उंदीर टाक आणि ५ च्या सापाचे दोन साप कर. प्लेअर्सना तिसऱ्या-चौथ्या सेशनला जाणवतं की आपण काहीतरी केल्यामुळं साप वाढलेत, आणि मग ते आपापसात भांडायला लागतात की गॉब्लिनांना मारायला नको होतं. मी चहा पीत ऐकतो.

राहिला १२ आणि २. २ ला काय ठेवायचं ते तुझं तू बघ. माझ्या टेबलवर १२ ला काय आहे ते इथं लिहू शकत नाही, आमच्या ग्रुपमधले दोघं हे पान वाचतात आणि त्यांची पार्टी आत्ता बरोबर विहिरीच्या दुसऱ्या मजल्यावर बसलीय.