ऑपरेशनच्या आधी गृहकर्ज फेडून टाकू का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून त्यातला मजकूर आधी थोडक्यात सांगते.

तुमचं वय ४७, नोकरी एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात. दोन वर्षं खोकला आणि छातीतली घरघर दम्याच्या नावावर खपली. मग थुंकीत रक्त दिसलं, सीटी स्कॅन झाला, आणि ब्राँकोस्कोपीत, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, घेतलेल्या तुकड्यात कार्सिनॉइड नावाची, सावकाश वाढणारी गाठ निघाली. उजव्या फुफ्फुसाच्या मधल्या खंडात सव्वादोन सेंटीमीटरची गाठ आहे आणि पाच आठवड्यांनी शस्त्रक्रिया आहे. यजमानांचा छोटा व्यवसाय आहे, उत्पन्नाला भरती-ओहोटी. मुलगी कॉलेजात, मुलगा शाळेत. हप्ता धरून घराचा जो महिन्याचा खर्च होतो, तसे १६ महिने निघतील एवढ्या मुदत ठेवी आहेत. गृहकर्जाची बाकी अशा १३ महिन्यांच्या खर्चाइतकी आहे, मुदत आणखी साडेपाच वर्षांची, आणि हप्ता महिन्याच्या खर्चाचा चौथा हिस्सा खातो. ठेवी मोडून ऑपरेशनच्या आधीच कर्ज मिटवावं, असं तुम्हा दोघांनाही वाटतंय. तुम्ही लिहिलंय, ‘मला काही झालं तर यांच्या डोक्यावर कर्ज राहायला नको. ते फिटलं की मी शांतपणे टेबलावर आडवी होईन.’

ताई, माझं उत्तर ‘आत्ता फेडू नका’ असं आहे. निदान शस्त्रक्रियेनंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट हातात येईपर्यंत तरी नाही. हे सांगताना तुमची भीती मी हलक्यात घेत नाहीये. त्या भीतीचा नीट विचार केल्यावरच माझं असं मत झालं आहे.

तुम्हाला सगळ्यात जास्त धास्ती ज्याची आहे तिथूनच सुरुवात करू. समजा, खरंच वाईट घडलं. पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की कर्ज घेताना बँकेने त्याच्याबरोबर तुमच्या नावाचा कर्जविमा काढायला लावला होता. तो चालू असेल, तर तुमच्या पश्चात कर्जाची बाकी विमा कंपनी भरते. म्हणजे ज्या प्रसंगासाठी तुम्ही साठवलेलं सगळं ओतायला निघालात, त्या प्रसंगाची तजवीज तुम्ही वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे. कर्ज आज फेडलंत तर जी रक्कम विमा कंपनीने भरली असती ती तुमच्या ठेवींतून जाईल, आणि काही ठिकाणी कर्जाबरोबर तो विमाही संपतो. मागे राहणाऱ्या तिघांकडे घर असेल, पण हाताशी फक्त तीन महिन्यांचे पैसे.

आता दुसरी शक्यता घ्या. शस्त्रक्रिया नीट झाली, पण बरं व्हायला वेळ लागला किंवा पुढे आणखी उपचार करावे लागले. इथे रोख रकमेला पर्याय नाही. कर्ज फेडलेलं असेल तर हप्ता वाचेल, हे खरं आहे आणि ते मी मोजलंही आहे: उरलेले तीन महिन्यांचे पैसे हप्ता नसल्यामुळे चार महिने पुरतील. न फेडता, हप्ता भरत राहिलात तर १६ महिने. घरात एक रुग्ण असताना आणि दुसऱ्याचं उत्पन्न बेभरवशाचं असताना चार आणि सोळा यांतला फरक फार मोठा आहे.

राहिली तिसरी शक्यता, आणि तुमच्या आजारात तीच सगळ्यात दाट आहे: सगळं सुरळीत होईल. तेव्हा आज कर्ज फेडण्याचा फायदा जरूर होतो, पण किती? कर्जाचा आणि ठेवीचा व्याजदर यांत ३ टक्क्यांचं अंतर धरा. तीन महिने थांबल्याने तुमचं नुकसान फेडायच्या रकमेच्या पाऊण टक्का होतं. तुमच्या आकड्यांत बसवलं तर साधारण तीन दिवसांचा घरखर्च. तेवढ्या किमतीत तुम्हाला तीन महिने मोकळे हात मिळतात. माझ्या धंद्यात इतका स्वस्त सौदा क्वचित समोर येतो.

तीन महिनेच का, हेही सांगते. तुमच्या आजाराची खरी ओळख अजून पटायची आहे. फुफ्फुसातल्या कार्सिनॉइडचे दोन प्रकार असतात, टिपिकल आणि अटिपिकल. २ चौरस मिलिमीटर भागात विभागणाऱ्या पेशी दोनपेक्षा कमी आणि पेशी मरून गेलेला भाग कुठेच नाही, तर टिपिकल. विभागणाऱ्या पेशी २ ते १० भरल्या किंवा मृत पेशींचे ठिपके दिसले, तर अटिपिकल. ब्राँकोस्कोपीत निघतो तो कण इतका लहान असतो की त्यावरून हा निवाडा खात्रीने करता येत नाही. अख्खी गाठ आणि आसपासच्या लसिकाग्रंथी बाहेर आल्यावरच तो होतो, आणि तो रिपोर्ट यायला साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात. टिपिकल असेल आणि ग्रंथी स्वच्छ असतील, तर शस्त्रक्रिया हाच बहुधा पूर्ण उपचार ठरतो. अशा रुग्णांपैकी ९० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाच वर्षांनंतरही हयात असतात, आणि केमोथेरपीची गरज सहसा पडत नाही. अटिपिकल निघाला किंवा ग्रंथींत पेशी सापडल्या, तर तपासण्या वाढतात, डॉक्टर पुढच्या उपचारांचा विचार करतात आणि खर्चाचा आराखडाच बदलतो. दोन्ही वाटांवर तुम्हाला लागणारी रोकड वेगळी आहे. वाट कोणती ते सात-आठ आठवड्यांत कळणार असताना पैसे आज का अडकवायचे?

याबाबतीत मी घरातून शिकले आहे. माझ्या मोठ्या भावाच्या शस्त्रक्रियेआधी आम्ही असंच कर्ज मिटवलं. सल्ला माझाच होता. तेव्हा मी या कामात नवी होते आणि व्याज वाचवणं म्हणजेच शहाणपण, असं मला वाटायचं. नंतर त्याचं घरी येणं लांबलं, पगार थांबला, आणि आम्हाला फेडलेल्या कर्जाच्या जवळजवळ दीडपट व्याजाने वैयक्तिक कर्ज काढावं लागलं. बँकेत भरलेली रक्कम परत मागायला गेलो, तर तशी सोयच नव्हती. वहिनीने मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही, पण तो हिशेब मी विसरलेले नाही.

एक अपवाद मात्र तपासा. काही गृहकर्जांत जादा भरलेली रक्कम हवी तेव्हा परत काढता येते आणि तोवर तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही. तुमचं कर्ज तसं असेल, किंवा बँक ते तसं करून देत असेल, तर माझं उत्तर बदलतं. मग ठेवींतला मोठा भाग तिथे ठेवा. फक्त पैसे काढायचा अधिकार यजमानांनाही आहे ना आणि बँक ही सोय आपल्या मर्जीने बंद करू शकते का, हे लेखी घ्या.

आता विम्याकडे वळते, कारण या पाच आठवड्यांत तुमचा खरा वेळ तिथे जायला हवा. कंपनीचा गट आरोग्य विमा आहे असं तुम्ही लिहिलंय. बिनपगारी रजेच्या काळात तो चालू राहतो का, हे मनुष्यबळ विभागाकडून ईमेलवर विचारून घ्या. तोंडी ‘काळजी करू नका’ वर थांबू नका. राजीनाम्याचा विचार आत्ता मनातही आणू नका, कारण नोकरीबरोबर तो विमाही जातो. शस्त्रक्रियेची पूर्वमंजुरी आधीच मागा, आणि मागताना रुग्णालयाकडून एकाऐवजी दोन अंदाज घ्या. शल्यचिकित्सक दुर्बिणीतून सुरुवात करतील, पण गरज वाटली तर छाती उघडून करतील. गाठ श्वासनलिकेच्या फाट्याला चिकटलेली असेल तर नलिकेचा तुकडा काढून जोडणी करावी लागते, कधी शेजारचा खंडही काढावा लागतो. मंजुरी फक्त छोट्या शस्त्रक्रियेची असेल आणि झाली मोठी, तर वरच्या रकमेसाठी यजमानांना रुग्णालयाच्या काउंटरवर झगडावं लागेल. त्या दिवशी त्यांनी तुमच्याजवळ असायला हवं.

गंभीर आजाराची पॉलिसी तुम्ही चार वर्षांपूर्वी घेतलीत आणि पत्रात तिचा उल्लेख एका ओळीत उरकलात. मला तर ती ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. तुमचे दीर म्हणतात, ‘कार्सिनॉइड म्हणजे काही खरा कॅन्सर नाही, ते पैसे मिळणार नाहीत.’ हा गैरसमज नावातच दडलेला आहे. १९०७ मध्ये ओबर्नडॉर्फर या जर्मन पॅथॉलॉजिस्टने आतड्यातल्या अशा गाठींना ‘कर्करोगासारखी’ या अर्थाचं नाव दिलं, कारण त्याला त्या निरुपद्रवी वाटल्या होत्या. पुढे १९२९ मध्ये त्याने स्वतःच मान्य केलं की त्या घातकही असू शकतात. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. गाठींच्या आंतरराष्ट्रीय सांकेतिक यादीत फुफ्फुसाचा टिपिकल कार्सिनॉइड ८२४०/३ आणि अटिपिकल ८२४९/३ असा नोंदवला जातो. तिरप्या रेघेनंतरच्या ३ चा अर्थ घातक गाठ. म्हणून दिरांच्या सांगण्यावर दावा सोडून देऊ नका. पॉलिसीतली कर्करोगाची व्याख्या आणि वगळलेल्या आजारांची यादी शब्दन् शब्द वाचा. निदानानंतर किती दिवसांत कळवायचं आणि किती दिवसांनी पैसे देय होतात, या दोन तारखा कागदावर लिहून भिंतीला लावा. अंतिम रिपोर्टमध्ये गाठीचं पूर्ण नाव, प्रकार आणि टप्पा स्पष्ट असावा, अशी विनंती डॉक्टरांना आधीच करा. व्याख्या सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे पैसे मिळतीलच असं मी म्हणणार नाही. पण ते मिळाले, तर कर्ज फेडायला ठेवींना हात लावायची वेळच येणार नाही.

प्रीमियम वाचवायला जुना आयुर्विमा बंद करू का, असंही तुम्ही विचारलंय. अजिबात नको. या निदानानंतर नवा आयुर्विमा मिळणं अवघड असतं, मिळाला तरी महाग. आहे तो जपा, त्याचे हप्ते आपोआप कापले जातील अशी व्यवस्था आजच करा.

१६ महिन्यांच्या ठेवींची वाटणी मी अशी करेन. चार महिन्यांचा खर्च बचत खात्यात, दोघांच्या नावावर, कुणा एकाच्या सहीने निघेल असा. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली तर बसून करायच्या कामावर लोक बहुधा चार ते आठ आठवड्यांत परततात, छाती उघडली तर जास्त वेळ जातो. चार महिने धरले की कुणाला घाई करावी लागत नाही. दोन महिन्यांइतकी रक्कम विम्यात न बसणाऱ्या खर्चासाठी: दाखल होण्याआधीच्या तपासण्या, फुफ्फुसाची क्षमता मोजणारी चाचणी, अशा गाठी शोधणारा गॅलियमचा पेट स्कॅन सांगितला तर तो, श्वासाचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टची फी. मुलीच्या या वर्षाच्या फीची ठेव वेगळी काढा आणि तिला तसं सांगा. मुलं विचारत नाहीत, पण मनात धरून बसतात. उरलेलं आहे तिथेच राहू दे. मात्र एकच मोठी ठेव असेल तर ती लहान ठेवींत विभागा, म्हणजे गरजेला सगळी मोडावी लागणार नाही.

पुढच्या वर्षांसाठीही एक छोटा कप्पा लागेल. कार्सिनॉइड सावकाश वाढतो, आणि परत आलाच तर दहा वर्षांनंतरही येऊ शकतो, म्हणून तपासण्या लांबवर चालू राहतात. त्या पैशांअभावी चुकल्या असं होता कामा नये. कर्ज फिटेल तेव्हा वाचलेल्या हप्त्याचा एक हिस्सा याच कप्प्यात जाऊ दे.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात: प्रत्येक ठेवीवर आणि पॉलिसीवर वारसाचं नाव तपासा, मृत्युपत्र करा, आणि तुम्ही भुलीखाली किंवा अतिदक्षता विभागात असताना तुमच्या वतीने कोण सही करेल ते लेखी ठरवा. यजमानांबरोबर एका संध्याकाळी बसून हे करून टाका. त्यात अपशकुन काही नाही.

राहिला तुमच्या शांतपणाचा प्रश्न. तो मला व्याजाइतकाच खरा वाटतो. माझी सूचना अशी. या आठवड्यात बँकेत जाऊन कर्जविमा चालू असल्याचं पत्र घ्या, त्यात विम्याची आजची रक्कम आणि कर्जाची आजची बाकी शेजारी-शेजारी लिहून मागा. आकडे जुळले, तर ते पत्र यजमानांच्या हातात द्या आणि दोघांनी मिळून वाचा. विमा बंद पडलेला किंवा अपुरा निघाला, तर जेवढी तूट असेल तेवढ्यापुरता विचार पुन्हा करू. तुमचा जुना आयुर्विमा ती भरून काढतो का, हे आधी पाहू. आणि हे सगळं होऊनही रात्री झोप लागली नाही, तर दोन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम कर्जात भरा. त्याहून जास्त नको.

शस्त्रक्रियेनंतर बोलण्याइतकी ताकद आली की मला लिहा, किंवा यजमानांना लिहायला सांगा. मला तीनच गोष्टी हव्यात: रिपोर्टमध्ये टिपिकल लिहिलंय की अटिपिकल, ग्रंथी स्वच्छ आहेत का, आणि तेव्हा ठेवींत किती महिने शिल्लक आहेत. त्यावरून कर्जाचं गणित आपण नव्याने मांडू.