ऑल्ट-कंट्री, म्हणजे पंक-रॉकची धार असलेलं अमेरिकन कंट्री संगीत, लोकांना एवढं का आवडतं, सुरुवात कुठून करू?

मला तर त्याचा कच्चेपणाच आवडतो. कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलचं रेडिओवरचं कंट्री फार गुळगुळीत वाटायचं, तेव्हा इलिनॉयमधल्या बेलव्हिलच्या अंकल टुपेलो या बँडने १९९० ला 'नो डिप्रेशन' अल्बम काढला, त्यात पंकचा दणका पण आहे आणि कार्टर फॅमिली या जुन्या कंट्री गटाने १९३६ साली रेकॉर्ड केलेलं जुनं गाणं पण, आणि दोन्ही एकाच घरातले वाटतात. १९९४ ला बँड फुटला, त्यातून विल्को आणि सन व्होल्ट हे दोन बँड निघाले.

पण सुरुवात गायिका लुसिंडा विल्यम्सपासूनच करा, तिचा १९९८ चा अल्बम 'कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड'. टायटल गाण्यात मागच्या सीटवरचं लहान पोर खिडकीतून बघत असतं, मोठ्यांचं काय बिनसलंय कोणी सांगत नाही, आणि लुसिंडाचा तो घोगरा, शब्द ओढत गाणारा आवाज... खरंच पोटात कालवतं.