घरी आल्यापासून ते बोलतच नाहीत

प्रश्न : माझे यजमान ५४ वर्षांचे, गॅरेज चालवतात. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरसाठी त्यांचं स्वतःच्याच स्टेम सेल्सचं (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींचं) ट्रान्सप्लांट झालं. दवाखान्यात नर्सेसची थट्टा करायचे. घरी येऊन दीड महिना झाला, रिपोर्ट चांगले आहेत, पण माणूस गप्प. जेवणावरून चिडतात. 'पॉझिटिव्ह राहा' म्हटलं की उठूनच जातात. माझं काय चुकतंय?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, चुकत काही नाही, फक्त ते 'पॉझिटिव्ह राहा' आजपासून बंद करा. माझी सगळी नोकरी ट्रान्सप्लांट वॉर्डात नर्स म्हणून गेली. तिथे हसतखेळत राहिलेली माणसं घरी जाऊन खचलेली मी खूप पाहिली.

वॉर्डात मनाला काम असतं. मेलफॅलन हे केमोचं औषध चढताना तोंड येऊ नये म्हणून बर्फ चघळायचा. मग सेल्स द्यायच्या. गोठवून ठेवलेल्या असतील तर खोलीभर लसणासारखा वास. त्यानंतर पंधरा-एक दिवस रोज सकाळी एकच चौकशी, "सिस्टर, काउंट किती?" न्यूट्रोफिल, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, पाचशेच्या वर गेल्या की पेढे वाटायचेच काय ते बाकी! या गडबडीत घाबरायला सवड कुठे? ती घरी मिळते.

जेवणाचं म्हणाल तर तुमच्या हाताला दोष नाही. तोंडाची चव परतायला काही महिनेही लागतात. वरण पत्र्यासारखं लागतं, असं एक पेशंट सांगायचे. थोडं थोडं द्या, आणि ताटासमोर बघत बसू नका.

थकवाही झोपून न जाणारा असतो. तरी वीजबिल, किराण्याची यादी, गॅरेजचा हिशोब, असलं काही त्यांच्याकडे परत सोपवा. घरात सगळे त्यांचंच करतायत, हेही माणसाला खुपतं. कुंड्यांच्या मातीत मात्र सध्या हात नको, बुरशीच्या संसर्गाची भीती असते.

आणि तुमच्या झोपेबद्दल पत्रात एक ओळही नाही. आठवड्यातून एक दुपार भावाला नाहीतर नणंदेला घरी बसवा, तुम्ही बाहेर पडा.

त्यांची झोपच उडाली, गोळ्या टाळू लागले किंवा 'जगून काय करायचं' म्हणाले, तर फॉलोअपची वाट पाहू नका. डॉक्टरांना लगेच सांगा, मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी मागा. रात्री-अपरात्री टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. मोफत, मराठीत बोलता येतं. ताप १००.४च्या वर गेला, तर मात्र आधी दवाखाना गाठा, बाकी सगळं नंतर.