बोट सान हुआनला आठ तास थांबणार, त्यात काय काय बसवायचं?

या महिन्यात आलेल्या पत्रांत कॅरिबियन क्रूझबद्दलची बरीच पत्रं आहेत, आणि त्यातही पोर्तो रिकोच्या सान हुआनबद्दल सगळ्यात जास्त विचारलंय. मी तिथे दोनदा उतरलेय आणि ते गाव मला मनापासून आवडतं, त्यामुळे यावेळचं सदर पूर्ण त्यालाच देतेय.

प्रश्न: ताई नमस्कार. मुलगा न्यू जर्सीला असतो, जानेवारीत आम्हाला मायामीहून सात दिवसांच्या क्रूझवर नेणार आहे, सून आणि आठ वर्षांचा नातू पण आहेत. सान हुआनला बोट दुपारी १ ला लागते आणि रात्री ९ ला सुटते. मुलाने यादी केलीये, दोन्ही किल्ले, रेनफॉरेस्ट, बीच, रमची फॅक्टरी आणि शॉपिंग. मी ६८ वर्षांची, ह्यांचे गुडघे दुखतात. एवढं सगळं होईल का हो? (नाशिक)

उत्तर: काकू, नाही होणार, आणि मुलाला हे आत्ताच सांगा, कारण तिकडे गेल्यावर सांगितलंत तर अर्धा दिवस गाडीत आणि उरलेला अर्धा रुसव्या-फुगव्यात जाईल. १ ते ९ हे कागदावर आठ तास दिसतात. बोट लागली, परवानगी मिळाली, रांगेतून उतरलो म्हणेपर्यंत दीड-पावणेदोन वाजतात, आणि रात्री बोट सुटायच्या अर्धा ते एक तास आधी परत चढलेलं असावं लागतं. हातात राहतात साडेसहा तास. त्यात एल युन्के, म्हणजे मुलाच्या यादीतलं रेनफॉरेस्ट, गाडीने एका बाजूला तासभर तरी लांब आहे. जंगल खरंच सुंदर आहे, पण ते सान हुआनला दोन-तीन दिवस राहणाऱ्यांसाठी. रमची फॅक्टरी खाडीच्या पलीकडे कातान्योला आहे, ती पण सोडा.

सान हुआनची मोठी गंमत ही की बंदरातून बाहेर पडलात की समोर जुनं गावच आहे. इतर कितीतरी बंदरांवर उतरलं की आधी दुकानांचा बाजार लागतो आणि खरं गाव बघायला गाडी करावी लागते, इथे तसं नाही. फक्त एक बघून घ्या, बोट जुन्या गावाच्या धक्क्यावर लागणार आहे की पलीकडच्या पॅन अमेरिकन धक्क्यावर, तिथे लागली तर गावात यायला टॅक्सी लागेल. बोटीवर आदल्या रात्री जो कागद मिळतो किंवा अ‍ॅपवर येतं त्यात हे लिहिलेलं असतं.

आता माझा प्लॅन एका ओळीत सांगते, वर गाडीने जा आणि खाली पायी या. लोक बरोबर उलटं करतात. धक्क्यापासून चढ चढत, दुकानं बघत बघत निघतात, किल्ल्यापाशी पोचतात तेव्हा पाय गेलेले असतात आणि किल्ला बंद व्हायची वेळ झालेली असते. दोन्ही किल्ले अमेरिकेच्या नॅशनल पार्क खात्याकडे आहेत आणि साधारण साडेचारला बंद होतात, जायच्या आधी वेळ एकदा बघून घ्या. जुनं गाव कुठे पळून जात नाही, ते रात्रीही उघडं असतं, तेव्हा उतरल्या उतरल्या टॅक्सी करायची आणि सरळ एल मोरो या किल्ल्यावर जायचं. तिकीट मोठ्यांना १० डॉलर, १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना नाही. त्याच तिकिटावर दुसरा किल्ला, सान क्रिस्तोबाल, पण बघता येतो, पण तुम्ही एकच बघा, नीट बघा.

टॅक्सी मैदानाच्या अलीकडे सोडते. तिथून दरवाजापर्यंत चारेकशे मीटर उघडं मैदान आहे, एकही झाड नाही, छत्री आणि टोपी हवीच. हे मैदान मुद्दाम मोकळं ठेवलेलं, जमिनीवरून चालून येणाऱ्या शत्रूला लपायला आडोसा मिळू नये म्हणून. किल्ला स्पॅनिश लोकांनी १५३९ मध्ये बांधायला घेतला, समुद्रापासून साधारण १४० फूट वर, सहा पातळ्यांचा. वरच्या चौकात काकांना बसवता येईल, समोर अटलांटिक आणि बाजूला खाडीचं तोंड, तिथूनच सगळं समजतं. खाली उतरायला उतरण आणि जिने आहेत ते चांगलेच उभे आहेत, गुडघ्यांचा विचार करून काकांनी जाऊ नये, नातवाला मुलगा घेऊन जाईल.

नातवाला एक गोष्ट सांगा. १५९५ मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक आरमार घेऊन आला, समुद्राकडून, आणि मार खाऊन परत गेला. तीनच वर्षांनी, १५९८ मध्ये, इंग्रजांचाच अर्ल ऑफ कंबरलँड आला, त्याने ड्रेकची चूक केली नाही, पूर्वेला उतरून जमिनीवरून आला आणि एल मोरो घेतला. पण टिकला नाही. त्याच्या माणसांना आव लागली, पटापट मरायला लागली, आणि जिंकलेला किल्ला सोडून त्याला जावं लागलं. मग १६२५ ला डच आले, त्यांनी गाव जाळलं पण किल्ला काही मिळाला नाही. या सगळ्यातून स्पॅनिश लोकांना कळलं की आपली पाठ उघडी आहे, म्हणून जमिनीच्या बाजूला सान क्रिस्तोबाल बांधला गेला, आणि १७६२ ला इंग्रजांनी क्युबातलं स्पॅनिशांचं हवाना घेतल्यावर तर तो घाईघाईने खूपच वाढवला. स्पॅनिश लोकांनी अमेरिका खंडात बांधलेला सगळ्यात मोठा किल्ला तो. १७९७ ला इंग्रज परत पूर्वेकडूनच आले, पण यावेळी त्यांना गावात शिरता आलं नाही. आपल्याकडे जलदुर्ग बघितलेल्या पोराला हे लगेच कळेल, माझ्या भाच्याने तर तिथे उभं राहून पहिला प्रश्न हाच केला की जमिनीकडून आले तर काय?

साडेतीन-चारला तिथून निघा. आता सगळा उतार आहे. सान होसे चौकातून क्रिस्तो रस्त्याने खाली या, कॅथेड्रल लागेल, पोर्तो रिकोचा पहिला स्पॅनिश गव्हर्नर पोन्से दे लिओन, त्याची समाधी आत आहे. रस्त्यातल्या निळसर विटांकडे लक्ष द्या, त्या लोखंडाच्या भट्टीतल्या मळीपासून केलेल्या आहेत, आणि पाऊस पडून गेला की बेक्कार निसरड्या होतात, म्हणून चप्पल नको, बूट घाला. कॅथेड्रलसमोरून झाडांचा एक छोटा रस्ता सरळ खाली लाल दरवाजाकडे जातो, पुएर्ता दे सान हुआन. पूर्वी बोटीतून उतरलेले लोक याच दरवाजातून आत यायचे आणि तसेच वर कॅथेड्रलमध्ये जाऊन सुखरूप पोचल्याबद्दल देवाचे आभार मानायचे. तुम्ही उलटं जाल, दरवाजातून बाहेर पडा, डावीकडे तटाच्या पायथ्याने चालत राहा, उजवीकडे पाणी, हा रस्ता पासेओ दे ला प्रिन्सेसाला लागतो आणि तो तुम्हाला परत धक्क्यापाशी आणतो. कुठेही चढ नाही. जानेवारीत सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, त्यावेळी तुम्ही या तटाखाली असाल असं जमवा. शॉपिंग अगदी शेवटी, धक्क्याजवळ, वेळ उरला तर.

प्रश्न: बोटीवाल्यांची टूर घ्यावी की आपलं आपण फिरावं? मैत्रीण म्हणते उशीर झाला तर बोट सोडून जाते. (पुणे)

उत्तर: मैत्रीण बरोबर सांगतेय. बोटीच्या टूरला उशीर झाला तर बोट थांबते किंवा पुढची सोय कंपनी करते, आपण आपले गेलो तर आपल्यासाठी कोणी थांबत नाही आणि पुढच्या बंदराला स्वखर्चाने गाठावं लागतं. म्हणून माझा नियम असा, लांब जायचं असेल तर बोटीची टूर, आणि पायी परत येता येईल एवढ्यातच फिरायचं असेल तर आपलं आपण. सान हुआनच्या जुन्या गावासाठी टूर घेऊ नका, पैसे वाया आहेत.

पण घड्याळाचं सांभाळा, हे मला सगळ्यांना ओरडून सांगायचंय. पोर्तो रिको वर्षभर एकाच वेळेवर असतं, घड्याळं मागेपुढे करत नाहीत. उन्हाळ्यात मायामीची आणि तिथली वेळ एकच असते, पण हिवाळ्यात सान हुआन मायामीच्या एक तास पुढे. बोट कधी स्वतःची वेळ बदलते, कधी बदलत नाही, आणि तुमचा फोन मात्र टॉवर मिळाला की आपोआप तिथली वेळ दाखवतो. बोट मायामीच्या वेळेवरच असेल तर सान हुआनला फार तर तासभर आधी परत याल, ते एकवेळ चालेल. खरा धोका त्याच फेरीत पुढे ग्रँड टर्कला वगैरे असतो, तिथे हिवाळ्यात मायामीचीच वेळ असते, आणि बोटीने घड्याळ सान हुआनच्या वेळेला लावून तसंच ठेवलेलं असेल तर तुमचा फोन बोटीच्या तासभर मागे! साधं हातातलं घड्याळ घाला, बोटीवरच्या घड्याळाशी जुळवा, आणि उतरल्यापासून परत चढेपर्यंत तेवढंच बघा, फोनकडे बघून वेळ ठरवूच नका.

प्रश्न: आई-बाबांकडे अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा आहे, माझं एच-वन-बीचं (नोकरीच्या व्हिसाचं) पासपोर्टवरचं स्टॅम्पिंग संपलंय पण अमेरिकेत राहायचं स्टेटस चालू आहे. पोर्तो रिको अमेरिकेतच आहे ना, मग काही प्रॉब्लेम नाही ना? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर: प्रॉब्लेम आहे, बुकिंग करायच्या आधी थांबा. पोर्तो रिको अमेरिकेचंच आहे हे खरं, चलन डॉलर आणि १८९८ पासून अमेरिकेकडे. पण तुमची बोट वाटेत बहामा, डोमिनिकन रिपब्लिक असं कुठेतरी थांबणारच, म्हणजे तुम्ही अमेरिकेबाहेर जाऊन परत येताय. स्टॅम्प संपलेला असताना थोड्या दिवसांसाठी बाहेर जाऊन परत यायची जी सवलत आहे ती एच-वनवाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे, बेटांना नाही. कंपनीच्या वकिलाशी बोलल्याशिवाय पैसे भरू नका. आई-बाबांचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना तेवढं बघा, आणि इतर प्रत्येक बेटाला भारतीय पासपोर्टवर काय लागतं ते क्रूझ कंपनीकडून लेखी घ्या. बाहेरच्या देशातून येऊन बोट सान हुआनला लागली की इमिग्रेशनची तपासणी होते, त्यासाठी कधी बोलावलंय तो कागद नीट वाचा. मी स्वतः तिथे उतरताना मूळ पासपोर्ट आतल्या चेनच्या पाऊचमध्ये ठेवते आणि फोटोकॉपी खोलीत.

प्रश्न: आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही, आणि त्यादिवशी माझी चतुर्थी आहे. तिथे काही मिळेल का की बोटीवरून डबा न्यावा? (यवतमाळ)

उत्तर: डबा नेऊ नका, बोटीवरचं अन्न, विशेषतः फळं, खाली उतरवायला मनाई असते. पण तुम्ही यवतमाळच्या म्हणून तुम्हाला सांगताना मला फारच आनंद होतोय, तिथलं सणासुदीचं जेवण म्हणजे आर्रोस कोन गांदुलेस, आणि गांदुलेस म्हणजे तूर! तुमचे हिरवे तुरीचे सोले, तेच घालून केलेला भात. तूर मूळची आपल्याकडची, आफ्रिकेमार्गे तिकडे गेली. फक्त या भातात बहुतेक ठिकाणी डुकराचं मांस घातलेलं असतं, बीन्सच्या आमटीतही असतं, आणि मोफोंगो नावाचा केळ्याचा गोळा असतो त्यात तर कुटतानाच घालतात. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही, 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन काल्दो दे पोयो' असं सांगा, म्हणजे मांस नको, हॅम नको, कोंबडीचं पाणी नको. कच्च्या केळ्याचे तोस्तोनेस आणि पिकल्या केळ्याचे गोड तळलेले काप मिळतात, तळण कशाचं ते विचारून घ्या.

उपवासाला तर सोपं आहे. तिथे बटाता मागितलात तर रताळं येईल! हा शब्द मुळात त्या बेटांवरच्या ताइनो लोकांचा, रताळ्यासाठीचा, स्पॅनिश-पोर्तुगीज लोकांनी उचलला आणि आपल्याकडे येऊन तो बटाटा झाला. दुसरं म्हणजे युका, ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच, उकडून देतात, वर लसणाचं तेल घालतात ते नको म्हणा. आणि रस्त्यावर पिरागुआची गाडी दिसली तर नक्की थांबा, आपला बर्फाचा गोळाच, कागदी कपात, चिंचेचं सरबत घातलेला मागा, तामारिंदो म्हणायचं.

प्रश्न: (नाशिकच्याच काकूंच्या पत्रात खाली नातवाने पेन्सिलने लिहिलंय) किल्ल्यावर पतंग उडवतात हे खरं आहे का? मी माझा घेऊन येऊ का?

उत्तर: अगदी खरं. किल्ल्यापुढच्या त्या मोठ्या मैदानात सगळं गाव पतंग उडवायला येतं, समुद्राचा वारा सतत असतो आणि तुझी ट्रिप तर संक्रांतीच्याच महिन्यात आहे. घरून आणू नकोस, बॅगेत मोडेल. तिथे मैदानाच्या बाहेर विकायला असतात, त्याला चिरिंगा म्हणतात. मांजा मात्र अजिबात नाही, साधा दोरा, तिथे काटाकाटी कोणी खेळत नाही, आणि तटाच्या कडेला जायचं नाही, मैदानाच्या मधोमध उभा राहा. आधी किल्ला बघून ये, तो बंद होतो, मग बाहेर आलास की आजोबांना शेजारी बसवून हवा तेवढा वेळ उडव, आजीचं शॉपिंग त्यासाठी कापलं तरी चालेल.